भाड्याच्या यंत्राचा धनी : हर्मन हॉलरिथ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या मामांच्या सोसायटीत कामाला जात होतो. सोसायटी तशी लहानच. शहापुरात एका माडीवर कचेरी, नऊ टेबले, पिग्मी गोळा करणारे पाच-सहा एजंट आणि काही हजार सभासद. पूर्वी किर्द-खतावणी हाताने लिहिली जाई. आता सारे हिशेब एका सर्व्हरवर, म्हणजे नऊही टेबलांना माहिती पुरवणाऱ्या मुख्य संगणकावर असतात. तो सर्व्हर जुना झाला होता. मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून मामांनी माझे मत विचारले, आणि मी मोठ्या ऐटीत जुन्याच्या चौपट ताकदीचा नवा घेण्याचा सल्ला दिला. सणाची सूट होती. संचालक मंडळाने मंजुरी दिली.

पुढे डेटाबेसच्या परवान्याचे बिल आले, तेही चौपट! टेबले नऊच, माणसे तीच, खाती तीच. चौकशी केली तेव्हा कळले, की परवान्याची आकारणी माणसांवर होत नाही. सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये किती कोअर आहेत, त्यावर होते. जुन्यात चार होते, नव्यात सोळा. संचालकांपैकी कोणी मराठीत सही करतात, कोणी कन्नडमध्ये. करारपत्र मात्र बारा पानी इंग्रजीत होते आणि ते कोणीच नीट वाचले नव्हते. मीही नाही. सभेत एका वृद्ध संचालकांनी विचारले, की यंत्र आपण विकत घेतले, वीज आपली, सभासदांची माहितीही आपलीच; मग हे भाडे कशाचे? मामा सभेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावरही बोलले नाहीत.

तो प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी अमेरिकेतील एका संशोधकाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. संगणक जन्मण्याच्या कितीतरी आधी माहिती मोजणारे यंत्र ज्याने बनवले, आणि ते न विकता भाड्याने देण्याचा व्यवहार ज्याने जगाला शिकवला, तो हा माणूस. त्याचे नाव हर्मन हॉलरिथ.

हॉलरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफलो या शहरी झाला. आईवडील जर्मनीतून येऊन स्थायिक झालेले. वडील प्राचीन भाषांचे शिक्षक होते. पण हर्मन लहान असतानाच ते वारले आणि आईने बायकांच्या टोप्या शिवण्याचा धंदा करून मुलांना वाढवले. हा मुलगा बुद्धीने तल्लख, पण शब्दांच्या स्पेलिंगशी त्याचे हाडवैर. स्पेलिंगचा तास आला की तो वर्गातून पळून जाई. एकदा तर त्याने वरच्या मजल्यावरील खिडकीतून उडी मारली, अशी आठवण सांगितली जाते. शेवटी शाळा सुटली आणि एका पाद्रीबुवांनी त्याला घरी शिकवले. हाच मुलगा पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात दाखल झाला आणि १८७९ साली, म्हणजे अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, कोलंबियाच्या खाणविद्येच्या शाळेतून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. इंग्रजी स्पेलिंगला घाबरणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना या गोष्टीने थोडा धीर यावा!

कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक ट्रोब्रिज हे १८८० च्या अमेरिकन जनगणनेचे काम पाहत होते. त्यांनी आपल्या या शिष्याला बरोबर नेले. तेथे हॉलरिथ यांनी जे दृश्य पाहिले, त्यानेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या सुमारे पाच कोटी होती. घरोघर जाऊन भरून आणलेल्या तक्त्यांचे ढीग कचेरीत पडले होते, आणि शेकडो कारकून एकेका नोंदीसाठी कागदावर रेघ मारत बसले होते. आधी स्त्री-पुरुष मोजायचे. मग पुन्हा पहिल्यापासून वय मोजायचे, मग जन्मस्थान, मग धंदा. प्रत्येक प्रश्नासाठी तोच ढीग पुन्हा उपसायचा. या जनगणनेचे सारे आकडे बाहेर पडायला जवळजवळ आठ वर्षे लागली. दर दहा वर्षांनी जनगणना करून राज्यांना लोकसभेतील जागा वाटून द्याव्यात, असे अमेरिकेच्या घटनेतच लिहिलेले आहे. लोकसंख्या अशीच वाढत गेली, तर एक जनगणना संपण्याआधी दुसरी दारात उभी राहणार, हे उघड दिसत होते.

त्याच कचेरीत जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे डॉक्टर जन्ममृत्यूच्या आकड्यांचे काम पाहत. त्यांच्या घरी एका संध्याकाळी जेवताना, हे मोजणीचे काम एखाद्या यंत्राने व्हायला हवे, अशी कल्पना त्यांनी हॉलरिथ यांच्यापुढे मांडली. कल्पना बिलिंग्ज यांची होती, हे हॉलरिथ यांनी पुढेही मोकळेपणाने मान्य केले. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ती लोखंडात उतरवणे वेगळे. बिलिंग्ज यांना धंद्यात वाटा नको होता. हॉलरिथ यांनी मात्र ती कल्पना सोडली नाही.

१८८२ साली एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत त्यांनी यंत्रशास्त्र शिकवले, पण वर्षभरातच नोकरी सोडली.  मग वॉशिंग्टनला पेटंट कचेरीत नोकरी धरली आणि तीही १८८४ मध्ये सोडून दिली. एका जागी न टिकणारा तरुण, असे कोणालाही वाटले असते. पण पेटंट कचेरीतील ते थोडे महिने वाया गेले नाहीत. शोध लावणारा एक असतो आणि त्याचा पैसा दुसराच खातो, हे कसे घडते आणि कसे टाळायचे, याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. २३ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी आपल्या यंत्राचा पहिला पेटंट-अर्ज दाखल केला.

पहिल्या आराखड्यात कागदाची लांबच लांब पट्टी होती. तिच्यावर माणसांची माहिती भोकांच्या रूपाने नोंदवायची. पण पट्टीतील एक माणूस शोधायचा तर सारी पट्टी उलगडावी लागे आणि नोंदींचा क्रम बदलायचा तर काही इलाजच नव्हता. तेव्हा त्यांना रेल्वेच्या प्रवासात पाहिलेली एक गोष्ट आठवली. तिकिटाची चोरी होऊ नये म्हणून कंडक्टर प्रवाशाच्या तिकिटावर त्याचे वर्णन टोचून ठेवत असे : केसांचा रंग, डोळे, नाक. म्हणजे प्रत्येक तिकीट ही एका माणसाची भोकांनी काढलेली तसबीरच! हॉलरिथ यांनी पट्टी टाकून दिली आणि एका माणसाला एक कार्ड, अशी पद्धत धरली. आज डेटाबेसच्या तक्त्यात एका खातेदाराची एक ओळ असते, तिचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

यंत्राची रचना समजायला सोपी आहे. कार्डावर ठरलेल्या जागी भोक म्हणजे पुरुष, शेजारच्या जागी भोक म्हणजे स्त्री. याप्रमाणे वय, जन्मस्थान, धंदा यांच्या जागा ठरलेल्या. कार्ड एका दाबयंत्रात ठेवून दांडा खाली ओढायचा. वरून बारीक टाचण्या खाली येत. जेथे भोक असेल तेथे टाचणी आरपार जाऊन खालच्या वाटीतील पाऱ्यात बुडे, विजेचे मंडळ पूर्ण होई आणि समोरच्या तबकडीवरील काटा एक घर पुढे सरके. अशा चाळीस तबकड्या समोर असत. त्याच वेळी शेजारच्या पेटीतील योग्य खणाचे झाकण आपोआप उघडे आणि कारकून ते कार्ड त्या खणात टाकी. एकदा कार्डे टोचली, की हवे ते प्रश्न हवे तितक्या वेळा विचारता येत.

१८८९ साली जनगणना कचेरीने तीन पद्धतींची परीक्षा घेतली. सेंट लुई शहराच्या चार विभागांची जुनीच माहिती तिघांना दिली गेली. एकाची पद्धत रंगीत शाईच्या चिठ्ठ्यांची, दुसऱ्याची रंगीत कार्डांची आणि तिसरी हॉलरिथ यांची. माहिती उतरवून घ्यायला हॉलरिथ यांच्या पद्धतीने सुमारे ७२ तास लागले. इतर दोघांना सुमारे १११ आणि १४४ तास. पण खरा फरक दिसला तो मोजणीत. हॉलरिथ यांना साडेपाच तास, तर इतरांना सुमारे ४५ आणि ५५ तास! अशी परीक्षा झाल्यावर निकाल काय लागणार हे सांगायला नकोच. त्याच वर्षी ८ जानेवारीला त्यांची मुख्य पेटंटेही मंजूर झाली होती.

१८९० च्या जनगणनेत सव्वासहा कोटींवर माणसांची कार्डे टोचली गेली. एकूण लोकसंख्येचा ढोबळ आकडा सुमारे सहा आठवड्यांत हाती आला. त्या काळी ही गोष्ट जादूसारखीच वाटली असेल. कामातून विश्रांती हवी झाली, की काही कारकून वाटीतला पारा हळूच काढून टाकत, म्हणजे यंत्र बंद पडे, असा एक गमतीदार किस्सा सांगतात. त्याच वर्षी कोलंबियाने हॉलरिथ यांना डॉक्टरेट दिली आणि त्याच वर्षी त्यांचा विवाहही झाला.

आता आपण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी जेथे थांबून विचार करायला हवा, तेथे येऊ. हॉलरिथ यांनी सरकारला यंत्रे विकली नाहीत. ती दर यंत्रामागे वर्षाला १००० डॉलर या भाड्याने दिली. दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे ठेवली आणि काम संपल्यावर यंत्रे परत घेतली.

असे त्यांनी का केले असावे? एकच मोठे गिऱ्हाईक, आणि तेही दहा वर्षांनी एकदा येणारे. त्याला यंत्रे विकून टाकली असती, तर ती दहा वर्षे धूळ खात पडून पुन्हा पुढच्या खेपेला कामी आली असती, आणि संशोधकाला दुसऱ्यांदा कोणी बोलावलेच नसते. उलट भाड्यात मालकी आपल्याकडे राहते, सुधारलेले यंत्र जुन्याच्या जागी ठेवता येते, आणि वापर चालू आहे तोवर उत्पन्नही चालू राहते. गिऱ्हाइकाच्या बाजूनेही त्यात सोय होती. एकदम मोठे भांडवल गुंतवायला नको. खर्च महसुली खात्यावर पडतो. यंत्र बिघडले तर डोकेदुखी मालकाची. तेव्हा भाडे म्हणजे लूट, असे सरसकट म्हणता येणार नाही. सोसायटीच्या सभेत रागावलेल्या संचालकांना हे सांगायला हवे होते, असे मला आता वाटते.

पण या व्यवहारात एक मेख आहे. भाड्याचा दर यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. यंत्रामुळे गिऱ्हाइकाचे किती काम वाचते आणि गिऱ्हाइकाला दुसरी वाट आहे की नाही, यावर तो ठरतो. हॉलरिथ यांच्या पुढच्या आयुष्याची सारी कथा या एका वाक्यात सामावलेली आहे.

जनगणनेचे मुख्य काम ओसरले, यंत्रे परत आली आणि उत्पन्न आटले. ऑस्ट्रिया, नॉर्वे, कॅनडा या देशांनी त्यांची पद्धत घेतली होती, पुढे रशियानेही १८९७ च्या जनगणनेसाठी घेतली. पण ही सारी गिऱ्हाइके त्याच जातीची, दहा वर्षांनी उगवणारी. रोज काम असणारे गिऱ्हाईक हवे होते. ते त्यांना रेल्वेत सापडले. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे वर्षाला लाखो बिल्ट्या येत. कोणता माल कोठून कोठे गेला, किती वजनाचा, किती भाड्याचा, याचा मेळ घालता घालता कचेरी थकून जाई. मात्र रेल्वेला नुसती मोजदाद नको होती, बेरीज हवी होती. पहिला प्रयत्न फसला आणि यंत्रे परत आली. तेव्हा हॉलरिथ यांनी यंत्रात बेरजेची सोय केली आणि वर्षभर फुकट वापरून पाहा, असा प्रस्ताव ठेवला. वर्षभरात रेल्वेला त्या यंत्रांची सवय जडली आणि करार झाला. आजही नवे सॉफ्टवेअर पहिले काही दिवस फुकट मिळते, त्यामागची युक्ती किती जुनी आहे, हे यावरून दिसेल.

३ डिसेंबर १८९६ रोजी त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन केली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात तिचा कारखाना होता. पुढे मार्शल फील्डसारखी मोठी दुकाने आणि पोलाद कंपन्याही गिऱ्हाईक झाल्या. येथे उत्पन्नाचा दुसरा झरा सुरू झाला : कार्डे. यंत्र भाड्याने, आणि त्यात घालायची कार्डे मात्र कंपनीकडूनच विकत घ्यायची. कारण असे सांगितले जाई, की हलक्या कागदात धातूचे कण असले तर वीज भलतीकडेच वाहते आणि मोजणी चुकते. कारण अगदीच खोटे नव्हते. पण जितके काम जास्त तितकी कार्डे जास्त, आणि जितकी कार्डे जास्त तितका पैसा कंपनीच्या खात्यात, हेही तितकेच खरे होते. म्हणजे भाडे एका मापाने आणि वापर दुसऱ्या मापाने, अशी दुहेरी आकारणी तेव्हाच सुरू झाली.

१९०० च्या जनगणनेत पुन्हा हॉलरिथ यांचीच यंत्रे लागली. दुसऱ्या कोणाकडे ती नव्हतीच. १९०२ साली अमेरिकेत जनगणनेची कायम कचेरी झाली आणि पुढच्या वर्षी नॉर्थ नावाचे गृहस्थ तिचे प्रमुख झाले. त्यांनी जुने हिशेब काढून पाहिले आणि भाडे फार जास्त आहे असा आक्षेप घेतला. हॉलरिथ ताठ स्वभावाचे. आपल्या यंत्राने सरकारचे किती श्रम वाचवले हे ते दाखवीत. यंत्र बनवायला किती खर्च येतो हे नॉर्थ विचारीत. दोघे दोन वेगळ्या मापांनी एकच वस्तू मोजत होते, मग जुळणार कसे? अखेर १९०५ मध्ये करार संपला आणि हॉलरिथ यांची यंत्रे कचेरीतून बाहेर पडली.

सरकारनेही हट्ट धरला. यंत्रे स्वतः बनवण्यासाठी संसदेकडून पैसे मंजूर करून घेतले आणि कारागीर नेमले. त्यात जेम्स पॉवर्स नावाचे एक कल्पक यंत्रज्ञ होते. शिवाय पेटंटाची मुदत १७ वर्षांची. १८८९ ची पेटंटे १९०६ मध्ये संपली. सतरा वर्षे जी भिंत हॉलरिथ यांनी पेटंटांनी बांधली होती, ती तारखेनुसार आपोआप पडली. १९१० ची जनगणना त्यांच्या यंत्रांवाचून झाली. आपल्या हक्कांचा भंग झाला म्हणून ते न्यायालयात गेले, पण हाती काही लागले नाही. पॉवर्स यांनी तर १९११ मध्ये स्वतःची कंपनीच काढली. त्यांची यंत्रे निकाल छापूनही देत. ती सोय हॉलरिथ यांच्या यंत्रात तेव्हा नव्हती.

लहानपणी खिडकीतून उडी मारून पळालेल्या हॉलरिथ यांना, कोंडलेला माणूस शेवटी खिडकी शोधतोच, हे खरे तर ठाऊक असायला हवे होते. आपले गिऱ्हाईकही तसेच करील, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यांची बुद्धी थोर होती, हक्कही न्याय्य होता. पण दर किती ताणावा याचे गणित चुकले. थोडी सवलत दिली असती, तर कदाचित त्यांच्या विरोधात दुसरी कंपनी उभीच राहिली नसती.

या झगड्यांत त्यांची प्रकृती खालावली. १९११ साली चार्ल्स फ्लिंट या भांडवलदाराने त्यांची कंपनी, वेळ नोंदवणारी घड्याळे बनवणारी कंपनी आणि वजनकाटे बनवणारी कंपनी एकत्र करून सीटीआर नावाची नवी कंपनी उभारली. या व्यवहारात हॉलरिथ यांना सुमारे १२ लाख डॉलर मिळाले. ते १९२१ पर्यंत सल्लागार राहिले, पण यंत्रात इतरांनी सुचवलेले बदल त्यांना फारसे रुचत नसत. नंतरची वर्षे त्यांनी शेती आणि गाईगुरांत रमून घालवली. चांगले जेवण, चिरूट, मोटारी आणि मांजरे यांची त्यांना आवड होती. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी हृदयविकाराने वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १९२४ साली, सीटीआर कंपनीचे नाव बदलून आयबीएम झाले होते. हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे.

माणूस गेला, तरी त्याने घालून दिलेली रीत चालूच राहिली. आयबीएम कंपनीनेही यंत्रे भाड्याने द्यायची आणि कार्डे आपलीच वापरायला लावायची, हा क्रम ठेवला. सरकारला स्वतःची कार्डे वापरायची मुभा होती, पण मग भाडे शेकडा १५ ने वाढे. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्डांची ही सक्ती बेकायदा ठरवली. १९५६ च्या समझोत्याने यंत्रे भाड्याबरोबर विकतही देणे कंपनीला भाग पडले. तोवर सॉफ्टवेअर यंत्राबरोबर फुकटच मिळत असे. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने त्याची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले, आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल झाला. लगेच पुढच्या वर्षी त्याच कंपनीतील एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या रूपाने माहिती साठवण्याचे शास्त्र मांडले. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच शास्त्रावर उभे आहेत. १९७९ साली ओरॅकल कंपनीचा डेटाबेस बाजारात आला. यंत्र गिऱ्हाइकाच्या मालकीचे झाले होते. भाडे आता यंत्राच्या पोटातील सॉफ्टवेअरवर लागू लागले.

आपल्या देशाचाही या कथेशी संबंध आहे. आयबीएम कंपनी भारतात आपली जुनी यंत्रे भाड्याने देत असे, आणि त्यावर आपल्याकडे बरीच टीका झाली होती. परकीय चलनविषयक कायद्यानुसार भागभांडवल कमी करायचे नाकारून ती १९७८ मध्ये येथून निघून गेली. ब्रिटनमध्ये हॉलरिथ यांच्या परंपरेतील कंपनी आणि पॉवर्स यांच्या परंपरेतील कंपनी १९५९ साली एक झाल्या. त्यांच्या वंशातील आयसीआयएम या कंपनीचा कारखाना पुण्यात होता. अमेरिकेत जे दोघे एकमेकांचे वैरी झाले, त्यांचे वारस अशा रीतीने महाराष्ट्रात एका छपराखाली नांदले!

आता सोसायटीच्या बिलाकडे वळतो. डेटाबेसचा परवाना म्हणजे वस्तूची खरेदी नसून वापरण्याची परवानगी असते. त्या वापराला माप कोणते लावायचे, हे विकणारा ठरवतो. एक माप माणसांचे : जितके वापरणारे तितके परवाने. दुसरे माप यंत्राचे : पूर्वी प्रोसेसरवर, आता बहुधा कोअरवर. मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हरची आकारणी २०१२ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरऐवजी कोअरवर आणली, आणि प्रत्येक प्रोसेसरला निदान चार कोअरचे पैसे घेण्याचा नियम ठेवला. ओरॅकल कोअरची संख्या प्रोसेसरच्या जातीप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणते. नेहमीच्या इंटेल प्रोसेसरसाठी हा गुणक अर्धा धरला जातो. म्हणजे सोळा कोअर असतील तर आठ परवाने. याशिवाय सुधारणा आणि मदत यांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम असते. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसना परवाना शुल्क मुळीच नाही. पण ते सांभाळणारा जाणता माणूस लागतो आणि त्याचा पगार खर्चाच्या बाजूला लिहावाच लागतो. फुकट यंत्रालाही पारा भरणारा कोणीतरी हवाच.

या पार्श्वभूमीवर माझी चूक मला स्वच्छ दिसली. सर्व्हर घेताना मी त्याची किंमत पाहिली, सूट पाहिली. पण भाड्याचे माप पाहिले नाही. आमच्या कामाला नऊ टेबले होती; मी सोळा कोअर विकत घ्यायला लावले. विक्रेत्याने फसवले असे म्हणता येणार नाही. माप करारात लिहिलेले होते. हॉलरिथ यांच्या रेल्वेवाल्या गिऱ्हाइकाने वर्षभर यंत्र वापरून, तपासून मगच सही केली. आम्ही मात्र पान न उलटता सही केली.

मी ते बारा पानांचे करारपत्र घेऊन बसलो. माझ्या मदतीला आमच्याच वर्गातील, या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा मित्र आला. दोघांनी मिळून त्याचा सारांश एका कागदावर मराठीत आणि दुसऱ्यावर कन्नडमध्ये काढला. त्यात वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर आकारणी करून घेण्याची सोयही होती, पण ती कोणी मागितली नव्हती. पुढच्या नूतनीकरणाला ती मागायची, असे मंडळाने ठरवले आहे. या वर्षीचे पैसे मात्र गेले ते गेले. ते सभासदांचे होते, रोज दहा-वीस रुपये पिग्मी भरणाऱ्या भाजीवाल्यांचे आणि विणकरांचे होते, हे मी विसरणार नाही.

म्हणून माझ्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत जाईल, कोणी दुकान सांभाळेल, कोणी लेखापाल होईल. परवान्याचा कागद समोर आला, की तीन गोष्टी विचाराव्यात. भाड्याचे माप कोणते? आपले काम वाढले किंवा यंत्र बदलले, तर ते माप किती वाढेल? आणि पटले नाही, तर आपली माहिती घेऊन बाहेर पडायची वाट कोणती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ असते, त्यालाच पहिल्या दोन प्रश्नांची वाजवी उत्तरे मिळतात. अमेरिकेच्या जनगणना कचेरीला हे १९०५ साली उमगले. आम्हाला एका बिलाने शिकवले.

हॉलरिथ यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. कोट्यवधी माणसांची मोजणी माणसाच्या डोळ्यांवरून उतरवून यंत्रावर चढवणारा तो थोर पुरुष होता, आणि बुद्धीचे मोल मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. पण मोल मागणाऱ्याने जसे ताणू नये, तसे देणाऱ्याने डोळे मिटून देऊ नये. परवा मामांना मी हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या सभेचा मसुदा माझ्यापुढे वाचायला ठेवला.